एका रात्रीतलं बांधकाम

"सुतार व्हता ना त्यो? मंग रातचाच केला असंल. दिसाचा कामाव जात असंल."

आत्या एवढं बोलली आणि चपला कुठं काढल्या होत्या ते शोधायला वळली. घडलं ते इतकंच. पण गेले काही दिवस बँकेत कुणाचे तरी केवायसीचे कागद तपासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसलेली असताना हे वाक्य मध्येच कानात येतं आणि मी वादात हरल्यासारखी गप्प होते. खरं तर वाद झालाच नव्हता. मी तिला दोन गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. तिनं त्या नीट ऐकल्या, मानही हलवली, आणि माझ्याच माहितीतून माझ्या विरुद्धची गोष्ट काढून माझ्या हातात ठेवली.

आत्या भाऊबीजेला बाबांना ओवाळायला घणसोलीला आली होती. ताटात सुपारी फिरवता फिरवता म्हणाली, "यंदा आईला जायाचा राहिला." आमच्याकडे 'आई' म्हणजे कोण ते विचारायचं नसतं. गावातल्या निम्म्या घरांच्या कपाळावर 'एकविरा कृपा' नाहीतर 'एकविरा छाया' असतं, रिक्षांच्या मागच्या काचेवर तिचे डोळे असतात आणि होडी असो की डंपर, पहिला हार तिचाच असतो. आत्याचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलांना सुट्ट्या नाहीत, गुडघे दोन्ही गेलेले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी येत्या शुक्रवारची रजा टाकून तिला कार्ल्याला न्यायचं कबूल केलं. कबूल करताना मनात एक छोटा स्वार्थही होता. मला तिला लेणं दाखवायचं होतं.

यातली गंमत अशी की त्या डोंगरावर मी दोनदा नव्यानं गेलेली आहे आणि दोन्ही वेळा वेगळीच बाई होऊन.

पहिली खेप लहानपणाची. एक्सप्रेसवे नव्हता तेव्हाची. रात्री जेवणं उरकून टेंपो निघायचा. मागं सतरंज्या, टोपं, तांदळाचं गोणपाट, चुलीसाठी बांधून घेतलेली लाकडं आणि पाय बांधलेला कोंबडा. तो कोंबडा एका वर्षी माझ्या पायाशी ठेवला होता. खंडाळ्याच्या घाटात थंडी वाजायला लागली तशी मी पावलं त्याच्या पोटाखाली सरकवली. त्या पिसांखालची ऊब, आतली धडधड आणि टेंपोच्या पिवळ्या दिव्यात मधूनच उघडणारा एक गोल, कोरडा डोळा मला अजून आठवतो. सकाळी पायथ्याशी त्याचं काय होणार हे मला माहीत होतं आणि दुपारी मी दोनदा रस्सा वाढून घेणार हेही. दोन्ही एकत्र माहीत असण्यात तेव्हा काही अडचण वाटत नव्हती.

त्याच टेंपोत आत्यानं मला देवळाची गोष्ट सांगितली. पांडव वनवासात फिरत फिरत या डोंगरावर आले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, भक्ती करता म्हणता ना, मग मला इथं देऊळ बांधून द्या, पण एका रात्रीत. उजाडलं की संपलं. पांडवांनी रात्रीत देऊळ उभं केलं. आई प्रसन्न झाली आणि तिनं वर दिला की तुमच्या अज्ञातवासात तुम्हाला कुणी ओळखणार नाही. मी विचारलं, "पण मधीच कोंबडा आरवला असता तर?" आत्या म्हणाली, "म्हनून तर कोंबडा आईला द्यायाचा. आरवाला शिल्लकच नको." ही जोड तिची स्वतःची. पुढं कुणाच्या तोंडून मी ती ऐकली नाही.

दुसरी खेप दोन वर्षांपूर्वीची. ऑफिसातल्या मैत्रिणीनं एका ग्रुपबद्दल सांगितलं, रविवारी सकाळी बस, सोबत जाणकार, नाश्ता समाविष्ट. टोपी, पाण्याची बाटली आणि वही घेऊन मी त्याच पायऱ्या चढले. वर पोचल्यावर आमच्या जाणकारांनी सगळ्यांना देवळाकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाले, "मागं मंदिर आहे, ते बरंच नंतरचं. ते आपण आज घेणार नाही." वीस-बावीस जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझी कुलदेवता माझ्या पाठीमागं दहा पावलांवर बसलेली होती, रांगेतून "आई माऊलीचा उदो उदो" ऐकू येत होतं, आणि मी वहीत 'चैत्यगृह', म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, असं लिहून खाली रेघ मारत होते. निघताना ओढणी सारखी केल्यासारखं करून छातीला हात लावला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं असेल.

मात्र त्या दिवशी मी जे पाहिलं त्यानं हरखून गेले, हेही खरंच. लहानपणी ते लेणं म्हणजे आमच्यासाठी सावलीत बसायची जागा होती, ओरडलं की आवाज घुमतो म्हणून पोरं आत पळायची, आया बाहेर बसून शेंगदाणे सोलायच्या. आत काय आहे ते मी कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. सदतीस मीटरहून लांब आणि चौदा मीटरच्या आसपास उंच असं हे दालन, एका दगडात, वरून खाली कोरत आणलेलं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे खांब, बुडाशी घट, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर स्वार जोड्या. टोकाला स्तूप. आणि छताला लाकडाच्या कमानी. दगडात कोरलेल्या नव्हेत, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या, अजून जिथल्या तिथं. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची. आमच्या खारघरच्या एका नातेवाइकाच्या किचनच्या ट्रॉल्या तीन पावसाळ्यांत फुगल्या, त्याची मला तिथं उगीच आठवण झाली.

आणि मग नावं. भिंतींवर, खांबांवर ब्राह्मीत कोरलेली. हे लेणं एका राजानं हुकूम सोडून केलेलं नाही, वर्गणीतून उभं राहिलेलं आहे. वैजयंतीच्या, म्हणजे खालच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठनं ते पुरं केलं आणि वर न लाजता कोरून ठेवलं की जंबुद्वीपातलं हे सगळ्यात उत्तम शैलगृह आहे. बाहेरचा चार सिंहांचा खांब एका महारठीनं, म्हणजे त्या काळच्या सरदारानं, दिला. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, आतले खांब दिले. सोपाऱ्याच्या एका माणसानं एक खांब दिला. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, हे कळल्यावर बसमधल्या विरारच्या काकू अशा काही खूश झाल्या की जणू तो खांब त्यांच्याच सोसायटीनं दिला होता. एका भिक्षुणीनं कठडा दिला. धेनुकाकटच्याच सिंहदत्त नावाच्या अत्तर विकणाऱ्यानं दार दिलं. आणि त्याच गावच्या सामि नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं, दार केलं. दिलं नाही, केलं. लेखात दाराला 'घराचं मुख' असं म्हटलंय आणि सुताराला 'वढकी'. मी वहीत या शब्दांभोवती चौकट केली होती.

तर आत्याला नेताना ती वही पर्समध्ये होती.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. पनवेलकडे जाताना उजव्या अंगाला आता जो उजेडाचा पसारा दिसतो, तिथं उलव्याची टेकडी होती, नव्वद-एक मीटरची. सुरुंग लावून लावून ती कापली, नदी वळवली, मग विमानतळ. आत्यानं काचेला कपाळ टेकून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "इथ डोंगर व्हता." पुढं घाटात तिला झोप लागली. कार्ला फाट्यावरून आत वळून वेहेरगावला पोचलो तेव्हा धुकं होतं आणि दुकानवाले नुकते ओटीची सामानं मांडत होते. हिरवा खण, नारळ, बांगड्या, कुंकवाचे डोंगर, चिक्की, प्लॅस्टिकच्या तलवारी, आणि पिंजऱ्यांतून मान बाहेर काढणारे कोंबडे. या खेपेला कोंबडा नाही असं आत्यानं आधीच सांगितलं होतं. दोघी बायकांना रांधायला कुठं बसायचं, आणि मुलं बरोबर नसताना कसला कोंबडा. एका पिंजऱ्यापाशी मात्र ती थांबली, एकाचा तुरा बोटानं हलवून बघितला, भाव विचारला, "माग हाय" म्हणाली आणि पुढं निघाली.

पायऱ्या चढताना ती प्रत्येक वळणाला टेकायची. दम लागला की बोलायचं बंद करायची नाही, उलट जास्त बोलायची. पायथ्याच्या देवळाशी कोण कधी हरवलं होतं, कुणाच्या अंगात आलं होतं, कुठल्या वर्षी चैत्र सप्तमीच्या पालखीला एवढी गर्दी झाली की तिची जोडवी निसटली. देवीचा भाऊ काळभैरवनाथ देवघरला बसतो, षष्ठीला त्याची पालखी आधी निघते आणि मग सप्तमीला बहिणीची, हे सांगताना तिनं मला दटावलं, "भाऊ पैला आठवन करतो, मंग बईन निंगते. तुज्या भावाला सांग." अर्ध्यावर धुकं विरलं. खाली इंद्रायणीचं खोरं उघडं पडलं, हायवेच्या गाड्या, रेल्वेचा रूळ, आणि समोर लोहगड-विसापूरची जोडी. वारा असा गार होता की घाम आलेला लगेच बोचायला लागला.

देऊळ तसं लहानच. लेण्याच्या तोंडाशी, एका बाजूला सिंहांचा खांब आणि दुसऱ्या बाजूला आई. तसाच दुसरा खांब आईच्या जागी असावा असं अभ्यासक मानतात. मला तर दोन वर्षांपूर्वी ते ऐकल्यावर आईनं खांबाची जागा अडवली असं वाटलं होतं, आता रांगेत उभं राहून वाटलं, खांब पडल्यावर जागा रिकामी कशी ठेवायची, कुणीतरी उभं राहायलाच हवं. आत शेंदराचा वास, तुपाचा वास, ओल्या फुलांचा, माणसांचा. रेणुका हीच, परशुरामासारखा एकमेव वीर जन्माला घातला म्हणून एकविरा, असं भटजी पुढच्या पाहुण्यांना सांगत होते. आत्याला त्याचं काही नव्हतं. ती आईचे डोळे बघत होती. मोठ्ठे, पांढरेशुभ्र, तुमच्याकडेच बघणारे. तिनं ओटी भरली, शेजारच्या जोगेश्वरीलाही कुंकू वाहिलं आणि मग काहीतरी पुटपुटत राहिली. मागच्यांनी ढकललं तरी पुटपुटत राहिली. नवस बोलताना काय बोललीस असं विचारत नाहीत, पण ती स्वतःच बाहेर येऊन म्हणाली, "कागदाचा बोलले."

कागद म्हणजे घराचा.

हा कागद समजायला घणसोली-गोठिवलीत वाढलेलं असावं लागतं. १९७० साली आमच्या खाड्यांच्या नि डोंगरांच्या मधे नवं शहर वसवायचं ठरलं आणि ९५ गावांच्या जमिनी त्यात गेल्या. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. ज्या आगरांमुळं आगरी म्हणवतो ती आगरंच गेली. घरं तेवढी राहिली, गावठाणाच्या रेघेत. रेघ तेवढीच राहिली आणि माणसं वाढली. दोन भावांचे चार संसार झाले, चाराचे नऊ. मग कुणी पडवी भिंतीत घेतली, कुणी वर एक मजला चढवला. कागदावर या घरांचं नाव 'गरजेपोटी बांधलेली'. आम्ही त्यांना नुसतं 'घर' म्हणतो. आणि ही घरं दिवसा बांधायची सोय नव्हती, कारण दिवसा तोडायचं पथक यायचं.

आत्याच्या घराचा वरचा मजला कसा झाला ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी नववीत होते. शेजारच्या घरात हळद होती. आमच्याकडची हळद ज्यानं बघितलीय त्याला सांगायला नको, बेंजो लागला की शेजारच्या गावातलं कुत्रंही झोपत नाही. आत्याच्या यजमानांनी महिनाभर आधीपासून हाच दिवस धरून ठेवला होता. शुक्रवारची रात्र. पुढं शनिवार-रविवार, कचेऱ्या बंद. सेंट्रिंग आधीच ठोकून वर निळी ताडपत्री टाकून ठेवलेली, जणू पावसाची सोय. रात्री साडेदहाला बेंजो चढला आणि मागच्या बोळात मिक्सर चालू झाला. त्याची घरघर ढोलकीखाली अशी बुडून गेली की दोन घरं सोडून उभं राहिलं तर नुसता ठेका ऐकू यायचा. शिडीवर माणसांची साखळी. खाली खडी, रेती, सिमेंट, वर घमेली. आणि घमेली उचलणारे कोण, तर हळदीतलेच. दर दहा मिनिटांनी चार जण नाचून थकून यायचे, तोंडाला, मानेला हळद फासलेली, घमेली हातोहात वर चढवायचे आणि चार जण पुन्हा नाचायला जायचे. हॅलोजनच्या उजेडात ती पिवळी तोंडं वर-खाली होताना दिसायची. हळद आणि सिमेंट मिसळून सगळ्यांच्या हातांना एक शेवाळी रंग चढला होता. आत्या स्टोव्हवर चहा उकळत होती आणि सारखी आकाशाकडे बघत होती. पावसाचे दिवस नव्हते. ती उजाडतंय का ते बघत होती.

साडेचारला शेवटचं घमेलं वर गेलं. मुकादमानं लाकडी पट्टीनं स्लॅब सारखा केला. कोंबडे आरवायला लागले तेव्हा मिक्सर धुऊन टेंपोत चढलेला होता आणि आत्या बोळात सांडलेली खडी झाडूनं गोळा करत होती. सकाळी आठला मी वर गेले. गोणपाटं अंथरून मातीची आळी बांधली होती, त्यात पाणी सोडलं होतं, आणि त्या पाण्यात आकाश दिसत होतं. काल जिथं आकाशच होतं तिथं.

हे सगळं मला लेण्याच्या दारात उभी असताना आठवलं असतं तर मी आत्याला माहिती द्यायच्या भानगडीत पडलेच नसते. पण आठवलं नाही. दुपार कलत होती, दर्शन होऊन, खाऊन, थोडं पडून झालं होतं. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. उतरतं ऊन वरच्या पिंपळपानी कमानीतून आत शिरून थेट स्तूपाकडे चाललं होतं. आत्याला मी हाताला धरून आत नेलं. ती पहिल्यांदाच मान वर करून बघत होती. खांब बघितले, लाकडं बघितली, तोंडाला पदर लावला. म्हणाली, "पांडवांनी एका रातीत कवरा केला बघ."

आणि मी वही काढली. आत्या, हे पांडवांनी नाही केलं. माणसांनी केलंय. यात पिढ्या गेल्या. बघ, ही त्यांची नावं. मी शेठचं सांगितलं, भिक्षुणीचं सांगितलं, अत्तरवाल्याचं सांगितलं. बाहेर येऊन दाराजवळ थांबून सुताराचं सांगितलं. नेमकी ओळ मला ओळखता येत नव्हती, ब्राह्मी मला कुठं वाचता येते, मी आपलं अंदाजानं बोट केलं. सांगताना माझा आवाज बदलला होता. घणसोलीची बोली बोलता बोलता मी काउंटरवरचं मराठी बोलायला लागले होते, आणि आत्यानंही तसाच चेहरा केला होता जसा ती बँकेच्या काउंटरसमोर करते. थोडा भिऊन, थोडा आदबीनं. तो चेहरा बघून मला लाज वाटली. पण तोंड चालूच होतं.

तिनं नावं मन लावून ऐकली. "सामि? आन बापाचा नाव?" वेणुवास. "दार त्यानी केला?" हो. मग पिशवीतून कुंकवाची पुडी काढून चिमूट घेतली आणि मी दाखवल्या जागी लावायला हात पुढं केला. कोपऱ्यातला रखवालदार ओरडला, "ओ मावशी, हात नका लावू!" आत्यानं हात मागं घेतला, रागावली नाही. चिमूट पुन्हा पुडीत टाकली, लांबूनच दाराला नमस्कार केला, चौकटीवरून खालपासून वरपर्यंत नजर फिरवली, गवंड्याचं काम घेताना फिरवतात तशी. आणि मग ते वाक्य बोलली.

ती मला उत्तर देत नव्हती. मी सांगितलेलं तिला पटलं होतं. माणसांनी केलं, बरोबर. सुतारानं केलं, बरोबर. पण सुतार म्हणजे दिवसा कुणाच्या तरी कामावर जाणारा माणूस, मग आईचं काम तो रात्रीच करणार, यात पांडवांच्या गोष्टीला धक्का कुठं लागतो? आमच्या जिल्ह्यात अंबरनाथचं शिवालय आहे, त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणी याचं नाव आहे. लोक मात्र तेही पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणून सांगतात, आणि गाभाऱ्यावर आकाश उघडं दिसतं त्याचं कारण उजाडलं, छप्पर राहिलं, असं देतात. मी या गोष्टींना आजवर अडाणी कौतुक समजत आले. एवढं मोठं काम माणसाच्यानं होणार नाही असं वाटलं की पांडव आणायचे. आत्याच्या लेखी उलट आहे. पांडव का, तर ते लपलेले होते. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, राज्य नव्हतं, ओळख द्यायची सोय नव्हती. असा माणूस दिवसाउजेडी बांधकाम काढेल कसा? आणि आईनं त्यांना दिलं काय? सोनं नाही, राज्य नाही. कुणी ओळखणार नाही एवढंच दिलं.

परत येताना गाडीत ती खूश होती. पेढ्याचा पुडा उघडून एक मला, एक स्वतःला असं चाललं होतं. खालापूरच्या टोलनाक्यापाशी अचानक म्हणाली, "आमच्या स्लॅबाला कोन कोन व्हता, सांगू?" आणि सांगायला लागली. सळया तिच्या दिरानं दिल्या, उधारीवर, त्यातले निम्मे पैसे त्यानं कधी मागितलेच नाहीत. रेतीचा एक डंपर खाडीपलीकडच्या तिच्या मामेभावाचा. सिमेंटच्या दोन गोणी वरच्या आळीच्या विधवा बाईनं आणून टाकल्या, का ते तिनं कधी सांगितलं नाही. हॅलोजन मंडळाचे. चहाची साखर हळदीच्या घरची. मिक्सरवाला कुठला भय्या होता, त्याचं नाव तिला आठवेना, त्यावर ती बराच वेळ अडली. पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली. तळोज्याच्या जवळ पुन्हा म्हणाली, "त्याचा नाव आठवाला पायजे व्हता." मी तिच्या यजमानांबद्दल विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ते दिवसभर कंपनीत पहिली पाळी करून आले होते आणि रात्रभर शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

गावात शिरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तिच्या बोळात गाडी जात नाही, नाक्यावरच उतरवावं लागतं. मी दार उघडून तिला हात दिला, गुडघे आखडले होते. नारळ, पेढे, उरलेला खण अशा पिशव्या तिच्या हातात दिल्या. बोळाच्या आतून बेंजो ऐकू येत होता. जोरात, पार टिपेला.

"आज कुणाची हळद गं?" मी विचारलं.

तुळशीचं लग्न लागायला अजून आठवडा होता. आत्या थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता पदर खोचला, पेढ्यांचा पुडा तेवढा घेतला, बाकीच्या पिशव्या माझ्या हातात परत दिल्या, "सकालची घेऊन ये" म्हणाली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी भराभर बोळात शिरली.